संकासुराला कात्री

तुळशीची लग्नं लागली की आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. यंदा जत्रा कधी? ग्रुपवर डोंबिवली आहे, कोथरूड आहे, मस्कत आहे, न्यू जर्सी आहे आणि कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात उरलेली दोन घरं आहेत. जत्रा तिथीवर ठरलेली, भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं तरी कळेल. पण विचारायचं असतं ते 'तू येतोयस ना', आणि ते सरळ विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मालवणजवळच्या आंगणेवाडीत तर तिथीसुद्धा नाही. भराडी देवीचा कौल घेतात, मग तारीख ठरते. ती जाहीर झाली की मुंबईतल्या किती कचेऱ्यांत त्या दिवसासाठी रजेचे अर्ज पडतात, ते एकदा कुणीतरी मोजायला हवं. रेल्वे जादा गाड्या सोडते. मंत्री आणि आमदार देवीसमोर हात जोडल्याचे फोटो काढून घेतात.

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये आला, मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. लहानपणी गाव सोडून जाणाऱ्यांकडे बघून म्हातारी माणसं म्हणायची, आता देवळाला कुलूप लागणार. झालं असं की गेलेल्यांनीच देवळाला ग्रॅनाइट बसवलं. एरवी वाडीत चार माणसं दिसत नाहीत आणि जत्रेच्या रात्री गाडी लावायला जागा मिळत नाही. जग जवळ आल्याचा आमच्याकडे दिसलेला परिणाम तो हा. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, ग्रॅनाइट सोडून.

मला बोलायचंय ते त्या रात्री उशिरा सुरू होणाऱ्या खेळाबद्दल.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पालखीची प्रदक्षिणा झाली, ओट्या भरून झाल्या, खाज्याच्या दुकानांवरची गर्दी जरा ओसरली की देवळासमोरच्या मांडवात पायपेटीचा सूर लागतो. पेटी, मृदंग आणि झांज, एवढंच संगीत. मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच कैलास, तोच रथ, आणि राणी मूर्च्छा येऊन पडायची असेल तर तोच पलंग. बायकांच्या भूमिका पुरुष करतात. आधी आड-दशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, विष्णू, संकासुर. मग आख्यान लागतं, ते पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला होतो. आमच्याकडे या सगळ्यालाच 'दहिकालो' म्हणतात.

लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागी, बसून ठरतो. आज अमुक राजा, अमुक राक्षस, नारद कधी येणार, लढाई कुठे लागणार. बाकीचा संवाद उभ्या उभ्या सुचेल तसा. समोरचा काय टाकेल हे ठाऊक नाही आणि आपल्याला उत्तर द्यायचंय, तेही पुराणातला दाखला देऊन आणि जमलं तर पदात. चांगला नट समोरच्याची मुद्दाम कोंडी करतो. ती कोंडी समोरचा कशी फोडतो हे बघण्यासाठीच तर माणसं थंडीत कांबळं पांघरून बसलेली असतात.

गंमत म्हणजे नाव दशावतार असलं तरी दहा अवतार कुणी दाखवत नाही. आड-दशावतारात संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, आणि विष्णू मत्स्यावतार घेऊन त्याला मारतो. झाला अवतार. उरलेले नऊ ज्याने त्याने मनात समजून घ्यायचे. हा संकासुर म्हणजे काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबणारा, अघळपघळ गडी. देव पुस्तकी मराठीत बोलतात, तो मालवणीत बोलतो. देव वेदांची काळजी करतात, तो ग्रामपंचायतीच्या नळाची करतो. सरपंच समोर बसलेला असतो आणि त्यालाही हसावं लागतं.

मस्कतला मी काही वर्षं नोकरीला होतो. तिथल्या मराठी मंडळींनी एकदा दशावतार आणायचं ठरवलं. सिंधुदुर्गातली मंडळी विमानाने आली, मुकुट खोक्यांत भरून. सभागृह वातानुकूलित, खुर्च्या मखमली, दारात अत्तर आणि पेढा. वेळ मिळाला सव्वा तास, कारण त्यानंतर जेवण होतं आणि केटरर थांबायला तयार नव्हता. रात्रभराचा खेळ सव्वा तासात बसवायचा तर काहीतरी उडवावंच लागतं. उडवला तो संकासुर. एक तर इथल्या मुलांना मालवणी कळत नाही, दुसरं म्हणजे पहिल्या रांगेत प्रायोजक बसणार, आणि तो गडी तोंडाला येईल ते बोलणार. राहिलं ते सगळं देखणं होतं. गणपतीचं नमन, सरस्वतीचा मोर, एक छोटं आख्यान, दोन पदं, एक लढाई. पडद्याच्या बाजूला इंग्रजीत कथासार झळकत होतं.

म्हणजे दशावतारात होता नव्हता तो एकमेव अवतारही गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

टाळ्या मात्र थांबेनात. शेवटी सगळे उभे राहिले, कुणीतरी 'येवा, कोकण आपलोच आसा' अशी आरोळी दिली, बायकांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले असतील. रात्री हॉटेलात मंडळींना सोडायला गेलो तेव्हा नारद झालेले काका पाय चेपत बसले होते. कार्यक्रम कसा वाटला म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "टाळ्यो मस्त पडल्यो. पण जंय पडूक व्हयो होत्यो, थंय पडल्यो नाय."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. खेळात एके जागी नारदाने राक्षसाला शब्दात पकडलं होतं, अगदी सफाईने. गावात त्या जागी मांडव उठला असता. मस्कतला शांतता. आणि मुकुट सावरून तो नुसता उभा राहिला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट. प्रेक्षक खेळ बघत नव्हते. ते आपली ओळख बघत होते, ती सुखरूप आहे याची खात्री करून घेत होते. अशा वेळी नटाने काहीही केलं तरी चालतं. वाईट केलं तरी.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, कुणाला पटो न पटो. अभिमान हा फार वाईट प्रेक्षक आहे. त्याला कंटाळा येत नाही. दशावतारी नटाला घडवतो तो प्रेक्षकाचा कंटाळाच. गावात नारद रटाळ बोलू लागला की माणसं उठून भजी खायला जातात, मागे कुणीतरी मोठ्याने जांभई देतं, आणि पुढच्या चटईवरची म्हातारी 'मेलो एकदाचो उरकता काय नाय' म्हणून कूस बदलते. नटाला सगळं दिसतं. तो मग एकदम सूर बदलतो, पद टाकतो, राक्षसाला लवकर बोलावतो. गेलेली माणसं हातात कागदाचा पुडा घेऊन परत येतात. हे देणंघेणं पहाटेपर्यंत चालू असतं. परदेशातला, किंवा दादर-ठाण्याच्या महोत्सवातला प्रेक्षक सभ्य असतो. तो उठत नाही. उठणं म्हणजे संस्कृतीचा अपमान.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: बाहेर गेलं की भेसळ होणारच, मूळ शुद्ध रूप गावातच. हे मला मान्य नाही. शुद्ध रूप होतं कधी? दशावतार कर्नाटकातून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, यक्षगानाशी त्याचं नातं डोळ्यांना दिसतं. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केलाय. त्यात येणाऱ्या सुंदर नारी नेत्र मोडतात, पण त्या सगळ्या मुळात 'धटिंगण' आहेत, असा चिमटा त्यांनी काढलाय. म्हणजे सतराव्या शतकातही स्त्रीपार्टी होती आणि तिच्यावरचे विनोदही होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेही कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. ज्या नाटकापासून आपण मराठी रंगभूमी दिन मोजतो, त्याचं बीज कानडी. पुढे नाट्यसंगीत आलं आणि दशावतारी नटांनी ते असं उचललं की आज एखाद्या राक्षसाच्या तोंडी यमनातलं पद ऐकून कुणी दचकत नाही. दूरदर्शनवर पौराणिक मालिका लागल्या आणि मुकुटांचे आकार बदलले. सफेदा गेला, पॅनकेक आलं. पूर्वी साहित्याचा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी या गावाहून त्या गावाला चालत जायची, आता टेम्पो आहे. पेटाऱ्याची पूजा मात्र अजून होते.

जाहिरातींत आता 'ट्रिकसीनयुक्त' असा शब्द असतो. धूर येतो, नाग फणा काढतो, देवी वरून तरंगत उतरते. 'संयुक्त दशावतार' असतात, वेगवेगळ्या मंडळांतले गाजलेले नट एका रात्रीसाठी एकत्र. पुराणात कुठेही नसलेली काल्पनिक आख्यानं तर चलनी नाणं आहेत. जुनी माणसं नाकं मुरडतात, आणि मुरडत मुरडत पहिल्या रांगेत जाऊन बसतात. मला ट्रिकसीन आवडत नाही. पण त्याचं मला भयही वाटत नाही, कारण नाग नीट निघाला नाही तर मांडव खदाखदा हसतो. हसू शकतो.

मुंबईतल्या चाकरमान्यांचंही याच्याशी जुनं नातं. गिरण्या चालू होत्या तोवर परळ-लालबागच्या खोल्यांतून मनिऑर्डरी गावी जायच्या, त्यांतून देवळाच्या वर्गण्याही निघायच्या. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, गिरण्या परत पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आधी जत्रेला पैसे पाठवणारा माणूस नंतर जत्रेला परत आला, कायमचा, हात हलवत. त्याच सुमारास, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं. गावातली हौशी मंडळी महाभारत बसवतात आणि त्याची पार वाट लागते, इतकंच नाटक. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच बघायला सगळी मुंबई लोटली, प्रयोग पाच हजारांच्या वर गेले, नाटक लंडनला जाऊन आलं. तोवर मालवणी ही घरात, चाळीच्या गॅलरीत, फार तर मासळीबाजारात बोलायची भाषा होती. चारचौघांत मालवणीत बोललं की कानकोंडं व्हायचे त्यांनी या नाटकानंतर मान वर केली. माझे वडील त्यांतलेच एक.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वर मी अभिमानाला नावं ठेवली. ज्याला लाज वाटायला शिकवलंय त्याच्यासाठी अभिमान हे औषध असतं. पण 'वस्त्रहरण'ने मालवणी माणसाला मान दिला तो त्याची टर उडवून. पाठ थोपटून नव्हे.

गेल्या वर्षी जत्रेत मी जरा लवकर रंगपटात शिरलो. रंगपट म्हणजे धर्मशाळेची मागची पडवी, एक लोंबता बल्ब, जमिनीवर सतरंज्या. प्रत्येक नट आपापली ट्रंक उघडून तिला आरसा टेकवून बसलेला. इथे मेकअपमन नसतो. ज्याचा चेहरा त्याने रंगवायचा. कोपऱ्यात एक चाळिशीचा गृहस्थ राणी होत होता. दिवसा तो रिक्षा चालवतो. दाढी घोटून झालेली, अर्ध्या चेहऱ्याला गुलाबी रंग बसलेला, अर्धा अजून रिक्षावाल्याचा. तो करंगळीने काजळाची रेघ ओढत असतानाच फोन वाजला. पलीकडे मुलगा, पुण्यात इंजिनिअरिंगला. व्हिडिओ कॉल. बापाने फोन आरशाला टेकवून ठेवला आणि रेघ न थांबवता बोलत राहिला. मेसचे पैसे भरलेस काय, परीक्षा कधी, सर्दी गेली की नाही. पोराने तिकडून विचारलं, "बाबा, आज कोण?" "तारामती." "मग साडी ती निळी नको, हिरवी नेसा." बापाने ट्रंकेतून हिरवी काढली.

मी काही विचारणार होतो, पण काय विचारायचं ते सुचेना. शहरात आम्ही ओळखीबद्दल चर्चासत्रं ऐकतो. स्त्री-पुरुष, मूळ-परकं, अस्सल-नक्कल. इथे एक रिक्षावाला पोराच्या मेसची चौकशी करत करत तारामती होत होता आणि निऱ्या घालताना त्याचा हात जराही अडखळत नव्हता. निऱ्या खोवून झाल्यावर त्याने पदर खांद्यावर टाकला, आरशाकडे एकदा बघितलं, आणि माझ्याकडे वळला तेव्हा त्याची मानच निराळी होती. "चहा मिळतलो काय बघा हो जरा," म्हणाला. आवाज अजून रिक्षावाल्याचा होता.

हे गोड चित्र झालं. सगळं गोड नाही. जत्रेत कुणाचा मान पहिला, पालखीला खांदा कुणी द्यायचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, यावरून कोकणात भाऊबंदकी पेटते, प्रकरणं कोर्टात जातात, आणि जत्रा वर्षानुवर्षं बंद पडल्याची उदाहरणं कुठल्याही तालुक्यात मिळतील. मांडवात कोणती वाडी कुठे बसते यालाही इतिहास आहे आणि तो सगळ्यांनाच सुखाचा नाही. बायका शतकानुशतकं फक्त बघायला. अलीकडे महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिलीत. आता बाई राक्षस होते, तलवार फिरवते, मांडीवर थाप मारते. आमच्या आबांना ते बघवत नाही. माझ्या बहिणीने मात्र तो प्रयोग मोबाइलवर दोनदा पाहिला. परंपरा जपा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की यातलं नेमकं काय जपायचं. भांडणंही परंपरेतलीच आहेत.

इथे मला गोव्याचा तियात्र, तिथलं कोंकणी नाटक, आठवतो. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, भाषा जवळजवळ शेजारची, आणि कुळकथा पार निराळी. तियात्र गावात जन्मलाच नाही. पहिला तियात्र, लुकासिन्हो रिबेरोंचा 'इटालियन भुरगो', १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. रिबेरो मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीत काम करत होते, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. म्हणजे परमुलखात, परक्यांचं बघून, नोकरीला आलेल्या गोवेकरांनी आपल्यासाठी उभा केलेला खेळ. आज तो गोव्याचा प्राण समजला जातो. तो आखातात जातो, इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या गोवेकरांच्या वस्तीतही होतो.

आणि बाहेर जाऊन तो गुळमुळीत होत नाही. मस्कतला मी तोही पाहिला. दोन प्रवेशांच्या मध्ये गायक येऊन कांतारं म्हणतात, त्यांत मंत्र्यांची, जमिनी विकणाऱ्यांची, पोर्तुगीज पासपोर्टसाठी धावणाऱ्यांची यथेच्छ धुलाई. पासपोर्टवाले समोरच बसलेले आणि तेच 'वन्स मोअर' ओरडत होते. फरक कुठे पडला याचा मी पुष्कळ विचार केला. तियात्रवाल्या प्रेक्षकाला गोव्यात काल काय झालं ते ऐकायचं असतं. आम्हाला आजोबांच्या काळात काय होतं ते बघायचं असतं. त्यांनी संकासुर ठेवला, आम्ही कापला.

२०२२ मध्ये कन्नड 'कांतारा' आला आणि तुळुनाडूचा भूतकोला, तिथला दैवतांचा नाचाचा विधी, देशभर माहीत झाला. तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा झाली की आपल्याकडेही एवढं आहे, आपलं कुणी दाखवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' आला. ऑफिसातली नागपूरची, बंगलोरची मंडळी विचारू लागली, तुझ्या गावचं हेच का ते, आम्हाला कधी नेतोस. मी फुशारून गेलो, खोटं कशाला बोलू. यादी-बिदीचीही चर्चा होते. केरळचा मुडियेट्टू हा देवळातला नाट्यविधी युनेस्कोच्या यादीत २०१० पासून आहे, गुजरातचा गरबा २०२३ मध्ये गेला, मग आमचं काय. जावं की. नटांना चार पैसे जास्त मिळणार असतील, म्हातारपणी पेन्शनची सोय होणार असेल, तर कुठल्याही यादीत जावं. कार्तिकापासून पावसापर्यंत रात्र रात्र जागून उरलेलं वर्ष शेतात काढणाऱ्या माणसाला 'बाजारू होऊ नका' असं पगारदार माणसाने सांगू नये. माझा मुद्दा नटांबद्दल नाहीच. बघणाऱ्यांबद्दल आहे.

आणि बघणारे बदललेत. गेल्या जत्रेत अगदी पुढच्या चटईवर सात-आठ नेपाळी मुलं होती. यांचे आईबाप आंब्याच्या बागांत राखणीला असतात. मुलं इथेच वाढतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. आमच्या शाळेचा पट त्यांच्यामुळेच टिकलाय. त्यांच्या शेजारी माझा कोथरूडचा भाचा बसला होता, त्याला मालवणी ओ की ठो कळत नाही. संकासुर आला. ब्रह्मदेवाचे वेद काखोटीला मारून त्याने बाकड्यावर तंगड्या पसरल्या आणि म्हणाला, "वेद चोरूक मी चोरलंय. पण आता वाचतलो कोण? माझो झील इंग्लिश मिडियमात शिकता!"

मांडव फुटला. नेपाळी पोरं तर एकमेकांच्या अंगावर पडून हसली. भाचा बघत राहिला, मग शेजारच्या पोराला त्याने हिंदीत विचारलं, काय म्हणाला? त्याने समजावून सांगितलं. हातवारे करून, संकासुराचा आवाज काढून. भाचा हसला, आणि मग जरा वेळाने दुसऱ्यांदा हसला, तेव्हा त्याला विनोद आपल्यावरच आहे हे कळलं असावं. तिथून पुढे त्या दोघांची जोडी जमली. रात्रभर एक बघत होता, दुसरा सांगत होता.

त्या रात्री आख्यानात नारद आणि राक्षस यांची चांगलीच जुंपली. राक्षसाच्या भूमिकेत मुरलेला नट होता, नारद तरुण, गोड गळ्याचा, यूट्यूबवर नाव झालेला. राक्षसाने बसल्या जागेवरून सहज विचारलं, "नारदा, तू त्रिलोकी हिंडतोस. स्वर्गात जेवतोस, पाताळात झोपतोस. तुला घर नाही, कुळ नाही, गाव नाही. मग मला सांग, तू कुठला?" नारद म्हणाला, मी नारायणाचा. राक्षस म्हणाला, "नारायण तर सगळ्यांचाच. मी तुझा पत्ता विचारला." नारदाने वीणा सावरली, हसला, आणि सरळ पद सुरू केलं. पद सुरेख म्हटलं. आमच्या मुंबईवाल्यांच्या घोळक्याने टाळ्या दिल्या, मोबाइल वर झाले. पुढच्या चार-पाच म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

सकाळी काला झाल्यावर चहाच्या टपरीवर तोच विषय. उत्तर काय द्यायला हवं होतं? एकजण म्हणाला, शापाचा दाखला द्यायचा, दक्षाने शाप दिला म्हणून नारदाला एके ठिकाणी थारा नाही. दुसरा म्हणाला, शाप सांगितला की राक्षस जिंकला, उलटं त्यालाच विचारायचं, तुझं गाव तरी तुझं कशावरून, काल देवांचं होतं. तिसऱ्याला दोन्ही पटेना. न्यू जर्सीचा माझा चुलतभाऊ कागदी कप हातात धरून मन लावून ऐकत होता. त्याला राहवलं नाही. "पण आबा," तो म्हणाला, "मी सांगू? नारदाने म्हणायचं, जिथे माझी वाट बघतात ते माझं गाव."

आबांनी त्याच्याकडे वर पासून खाली पाहिलं.

"तू गप रव. तुका कोणी इचारल्यान? प्रश्न नारदाक होतो." आणि बशीतला चहा संपवून ते देवस्थानच्या खजिनदाराकडे वळले. "आवाज बरो आसा त्येचो, पण उत्तर देवक येणा नाय. फुडल्या वर्साक नारद दुसरो हाडा."